राख, बर्फ आणि साल्मेताईची घसरखुर्ची

फेब्रुवारीच्या सतरा तारखेस, मंगळवारी, सकाळी साडेसहा वाजता, एस्टोनियाच्या आग्नेय कोपऱ्यातील कासेमाए या गावी, पारा शून्याखाली अकरा अंशांवर असताना, मी माझ्या अंगणात उभा राहून पुढील प्रतिज्ञा केली : या हिवाळ्यात या टेकडीवर कोणीही पडणार नाही! प्रतिज्ञेला साक्षीदार म्हणून एक मांजर हजर होते. तेही वाक्य संपण्यापूर्वीच उठून गेले.

प्रतिज्ञा पोकळ नव्हती. एकाहत्तर वर्षांच्या आयुष्यात मी स्वतः एकदाही पडलेलो नाही. "रांगता रांगता चालायला लागलास तेव्हा तरी पडला असशील!" असा आक्षेप माझे शेजारी एल्मार वरचेवर घेतात. परंतु जो अद्याप नीट उभाच राहिलेला नाही, तो पडला असे म्हणता येत नाही, हे मी त्यांना तीन वेळा सप्रमाण पटवून दिलेले आहे. पटल्यावर ते दर वेळी घरी निघून जातात.

प्रतिज्ञेला कारण माझी थोरली बहीण. साल्मेताई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. ती टेकडीच्या माथ्यावर एकटी राहते, मी टेकडीच्या मध्यावर, आणि दुकान, सभागृह, तळे हे सर्व पायथ्याशी. गेल्या हिवाळ्यात ताईचे मनगट मोडले. ते कसे मोडले, याच्या तपशिलात शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. ती बर्फावर पडली, एवढे सगळ्या गावाला ठाऊक आहे. तिची मुलगी मारेत राजधानीत, तालिनला, सहाव्या मजल्यावर राहते. नाताळात आली तेव्हा तिने मला कोपऱ्यात घेतले.

"मामा, आई आणखी एकदा पडली ना, तर मी तिला उचलून तालिनला नेणार. घराला कुलूप. चर्चा नाही."

"अगं, पण तिचं गायन मंडळ, तिच्या कोंबड्या—"

"कोंबड्या सहाव्या मजल्यावर राहत नाहीत, माहितीये मला. म्हणून तर तुला सांगतेय. लक्ष ठेव. शब्द दे."

मी शब्द दिला. ताई एकदा तालिनला नऊ दिवस राहून आली होती. परतल्यावर तिने एवढेच सांगितले की, तिथे खिडकीतून समोरची खिडकी दिसते, आणि आपण नऊ दिवस हात हलवला तरी त्या खिडकीतली बाई उलट हात हलवत नाही. बोलताना ती हसत होती. परंतु त्यानंतर आठवडाभर ती वाटेत भेटेल त्याला थांबवून बोलत होती, हे माझ्या नजरेतून सुटले नव्हते.

प्रथम मी नियम केले. एकूण दहा. पावले लहान टाकावीत, गुडघे किंचित वाकवून बदकासारखे चालावे, हात खिशात घालू नयेत, बुटांना खालून लोखंडी काटे बांधावेत, इत्यादी. सुवाच्य अक्षरात लिहून ते ताईला नेऊन दिले. ताईने चष्मा लावून शेवटपर्यंत वाचले.

"छान आहेत. अक्षरही छान आहे. शेगडी पेटवायला घरात कागद नव्हताच."

अडचण अशी की, ताई चालतच नाही. ती घसरखुर्चीवरून जाते. आमच्याकडे प्रत्येक म्हातारीपाशी ही असते : एक लाकडी खुर्ची, तिच्याखाली दोन लांब लोखंडी पट्ट्या, पाठीला धरायचा दांडा. मागे एका पट्टीवर एक पाय ठेवायचा, दुसऱ्या पायाने जमीन रेटायची, की बर्फावरून वाहन सुटते. पुढल्या खुर्चीवर सामान ठेवा, नातवंड ठेवा, नवरा ठेवा!

"ताई, त्या वाहनाला ब्रेक नाही!" मी म्हणालो.

"मला आहेत. दोन. टाचा."

"या वयात हा वेग—"

"एर्विन, चालताना माझ्या हातात काय असतं? हवा! हिच्यावर काय असतं? दांडा. दमले की बसते. तुझ्या त्या काट्यांवर बसता येतं का?"

माझ्यापाशी उत्तर होते. परंतु ते जरा विस्तृत होते, आणि त्याचा पूर्वार्ध संपेतो ताई दुकानाजवळ पोचली होती.

म्हणून मी मुळावरच घाव घालायचे ठरवले. माणूस बदलत नसेल तर रस्ता बदलावा! माझ्या दोन शेगड्यांची, सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, भट्टीची आणि एल्मारच्या घरची राख मी जानेवारीपासून साठवत होतो. त्या मंगळवारी पहाटे तीत जाडी वाळू मिसळून माझ्या फाटकापासून थेट पायथ्यापर्यंत मी अकरा बादल्या राख पसरली. कुठे थर जाड नाही, कुठे बर्फ उघडा नाही! वाटेच्या कडेला साचलेला भुसभुशीत बर्फही फावड्याने ओढून त्याचा नीट बांध घातला. नऊ वाजता टेकडी म्हाताऱ्या घोड्याच्या पाठीसारखी करडी आणि निरुपद्रवी दिसत होती. मी काटे बांधलेले बूट घालून मधोमध उभा राहिलो आणि स्वतःच्या कामाकडे पाहत बसलो. अर्थात उभ्यानेच.

दहाच्या सुमारास पायथ्याकडून वाटाण्याच्या सुपाचा वास येऊ लागला. मग माणसे दिसू लागली. चाळीसएक माणसे, मुले, घसरगाड्या, टोपल्या! आणि माथ्याकडून गाण्याचे सूर ऐकू आले.

मी हातातली रिकामी बादली खाली ठेवली.

ईस्टरपूर्वीचा मोठा उपास राखेच्या बुधवारी, कपाळाला राख लावून, सुरू होतो; त्याच्या आदल्या मंगळवारी आमच्याकडे सगळा गाव टेकडीवरून घसरतो. जो जितका लांब घसरेल, तितका त्याच्या शेतातला जवस उंच वाढतो. गावात पन्नास वर्षांत कोणी जवस पेरलेला नाही. घसरणे मात्र एका वर्षीही चुकलेले नाही. आणि पहिली घसरण गावातल्या सर्वांत वडील बाईची, म्हणजे आमच्या ताईची. छापील दिनदर्शिकेत हा दिवस सतरा तारखेसच दाखवलेला होता, हे मी मान्य करतो. परंतु ईस्टरपासून मागे मोजत तो चोवीस तारखेस येतो, असे मी सिद्ध केले होते, आणि दिनदर्शिकेच्या प्रकाशकांना चार पानी पत्रही धाडले होते. त्यांचे उत्तर आले नाही. ते निरुत्तर झाले, असा मी अर्थ घेतला होता.

"जवस! लांब जवस!" खालून आरोळी उठली.

"लांब जवस!" वरून ताईने उत्तर दिले आणि रेटा दिला.

खुर्चीवर मलईच्या गोड पावांचे भले मोठे ताट होते. चोवीस पाव! डोक्याला लाल रुमाल बांधलेली ताई माथ्यावरून अशी सुटली की, तिच्या कोंबड्याही कुंपणाशी येऊन पाहू लागल्या. माझ्या फाटकापर्यंतचा रस्ता काचेसारखा होता.

"ताई, थांब! ताई, टाचा!" मी दोन्ही हात वर करून ओरडलो.

तिला वाटले, मी प्रोत्साहन देतो आहे. तिने आणखी एक रेटा दिला!

राखेला पट्ट्या लागताच खुर्ची जागच्या जागी थांबली. इतकी सुरेख थांबली की, माझ्या मिश्रणाचा मला क्षणभर अभिमान वाटला. परंतु ताई थांबली नाही. ती दांड्यावरून, खुर्चीवरून आणि ताटावरून कमानीसारखी गेली आणि मीच घातलेल्या बर्फाच्या बांधात शिरली. पावही तिच्यामागून निघाले. त्यांतले सात माझ्यावर आले, हे मी मोजले. उरलेल्यांची नोंद एल्मारच्या कुत्र्यापाशी असेल.

बांधातून फक्त दोन बूट बाहेर दिसत होते. मी मलईतून वाट काढत धावलो.

"ताई! जिवंत आहेस का?"

"आहे." बर्फातून आवाज आला. "तू राहतोस का, ते आता बघते!"

एल्मारने आणि मी तिला ओढून काढले. हाड शाबूत, दात शाबूत, रुमालही शाबूत. सगळा गाव भोवती गोळा झाला होता. कोणी राखेकडे पाहत होते, कोणी माझ्याकडे.

"एर्विन," एल्मार शांतपणे म्हणाले, "राखेचा बुधवार उद्या असतो!"

चाळीस माणसे हसली. मीही हसलो असतो; परंतु तेवढ्यात ताईच्या खिशातला फोन वाजला. तो सर्वांत मोठ्या आवाजावर लावलेला असल्यामुळे मारेतचे बोलणे सगळ्या गावाने ऐकले.

"आई! गंमत सांगू? मी निघालेय, आज सणाला येतेय! अर्ध्या तासात पोचते! तुझा आवाज असा का येतोय?"

"तोंडात मलई आहे गं," ताई म्हणाली. हे शब्दशः खरे होते.

फोन ठेवून ताई खुर्चीवर बसली. चेहरा हसरा होता. पण मागचा दांडा ती सोडत नव्हती.

"नेईल रे ती मला," ती हळूच म्हणाली. "कोणीतरी बोलून जाईल, आणि ती नेईल."

हसणे थांबले. गावाने एकमेकांकडे पाहिले, आणि मला सांगितले पाहिजे की, त्यानंतर कासेमाएने जे केले ते मी तरी कधी पाहिले नव्हते. गोठलेल्या तळ्यावर मासेमारीसाठी पाडलेले भोक होते. तिथपासून माझ्या फाटकापर्यंत माणसांची रांग लागली. बादल्या, पातेली, सुपाची रिकामी भांडी हातोहात वर येऊ लागली! राखेवर पाणी, पाण्यावर पाणी; अकरा अंशांच्या थंडीत ते ओतता ओतता गोठत होते. मी रांगेला सूचना देत होतो.

"मास्तर, बोलणं कमी, बादली पुढे!" मागून कोणीतरी म्हणाले. तो माझाच जुना विद्यार्थी होता. शुद्धलेखन त्याचे तेव्हाही बरे नव्हते.

पंचवीस मिनिटांत टेकडी पुन्हा काच झाली, आतून करड्या रंगाची. ताईच्या पडण्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही, अशी सगळ्यांनी एकमेकांना ताकीद दिली. आणि मग माझ्या ध्यानात आले की, या सगळ्यात लाइने नव्हती!

लाइने दुकान चालवते आणि सणाला सभागृहात सूप वाढते. ताई बांधात शिरली तेव्हा ती दारात उभी राहून पाहत होती आणि लगेच आत वळली होती. तिच्या पोटात सूप राहते, बातमी राहत नाही. आणि सभागृहाच्या दारात मारेतची गाडी येऊन थांबलेली दिसत होती!

मी निघालो. पायांत काटे होते, म्हणून त्या काचेवरून मी असा उतरलो की, टेकडी चढून येणारे बाजूला झाले. एकाहत्तराव्या वर्षी! घसरणे नाही, डगमगणे नाही! काट्यांच्या उपयुक्ततेविषयी चारचौघांत एकदा सविस्तर बोलले पाहिजे, असा विचार करीत मी सभागृहाचे दार उघडले.

आतली फरशी गुळगुळीत दगडाची आहे. सणासाठी ती नुकतीच पुसलेली होती.

मारेत समोरच हातात सुपाचा वाडगा घेऊन उभी होती. लाइनेचे तोंड उघडलेले होते; पण अजून त्यातून काही बाहेर पडले नसावे. मी दोन ढांगा टाकत ओरडलो, "मारेत! ये ये! आज इथे कोणीही पडलेलं ना—"

वाक्य अपुरे राहिले. बर्फात रुतणारे लोखंड दगडावर रुतत नाही. माझे दोन्ही पाय मारेतच्या दिशेने गेले आणि मी दाराच्या दिशेने राहिलो. मधला भाग जिथे पोचला, तिथून आलेला आवाज स्वयंपाकघरापर्यंत ऐकू गेला, असे लाइने आजही सांगते.

"मामा!"

"मी पडलेलो नाही," मी छताकडे पाहत म्हणालो. "मी बसलो आहे."

"सर, तुम्ही आडवे आहात," लाइने म्हणाली.

परिचारिका केर्स्तीचे आरोग्य केंद्र तळ्याच्या पलीकडल्या काठाला, चारशे पावलांवर. वाट सगळी बर्फाची. एवढ्यात ताई टेकडीवरून सुळकन उतरून दारात हजर झाली. तिने खुर्ची माझ्यापुढे वळवली.

"बस."

"ताई, मला तेवढंच जमणार नाही."

शेवटी मी खुर्चीवर गुडघे टेकले, पाठीला मिठी मारली आणि ताईच्या तोंडाकडे तोंड करून राहिलो. चर्चमध्ये चुकीच्या दिशेला प्रार्थना करणाऱ्यासारखा! ब्याण्णव किलोंचा भाऊ घेऊन अठ्ठ्याहत्तर वर्षांची बहीण तळ्याकाठाने निघाली. मागून मारेत येत होती. तिचे शहरी बूट दर तिसऱ्या पावलाला दोन दिशांना जात होते, आणि दर वेळी ती आईच्याच दांड्याला धरून सावरत होती.

आमची नाके एक वीत अंतरावर होती.

"ताई," मी पुटपुटलो, "स्टुलाचं सांगू का तिला?"

"नको. तुझी अब्रू जाईल."

"ती आत्ताच गेली. फरशीवर."

"तरी नको," ताई म्हणाली आणि रेटत राहिली. तिला धाप लागलेली नव्हती.

केर्स्तीने मला पालथे झोपवून तपासले. "हाड शाबूत आहे. सूज आहे. पंधरा दिवस बसायचं नाही. आणि सर, आत शिरताना काटे काढायचे असतात."

माझ्या दहा नियमांत हे नव्हते.

मारेत भिंतीला टेकून उभी होती. "बघितलंस ना, आई? काटे बांधलेला, तुझ्याहून लहान माणूस असा पडतो! तू तर त्या खुर्चीवरून उंडारतेस. मला तिकडे रात्री फोन वाजला की धडकी भरते गं. झालं एवढं पुरे झालं. संध्याकाळी आपण निघतोय. कोंबड्या लाइनेकडे ठेवू."

ताईने लाल रुमाल सोडला आणि त्याची नीट, चौकोनी घडी घालू लागली. अशी घडी ती फक्त प्रवासाला निघताना घालते.

"मारेत," मी उशीत तोंड असतानाच म्हणालो, "तुझी आई गेल्या वर्षी बर्फावर पडलीच नव्हती."

आता वाचकांनाही ते सांगायला हवे. प्रयोजन नाही, असे मी प्रारंभी म्हणालो होतो; प्रयोजन होते. ताईचे मनगट माझ्या स्वयंपाकघरात मोडले. वरच्या फळीवरची काकडीच्या लोणच्याची बरणी काढायला ती स्टुलावर चढली होती, कारण माझा खांदा दुखत होता. स्टूल मी धरायचे, असे ठरले होते आणि मी ते धरलेही होते. मग ताई वरून म्हणाली की, लोणच्यात मीठ कमी पडले आहे. मला ते मान्य नव्हते. आणि मला अमान्य असलेल्या गोष्टीवर बोलताना दोन्ही हात लागतात.

"रुग्णवाहिकेतल्या माणसाला हिनं सांगितलं, बर्फावर पडले," मी म्हणालो. "मास्तरांनी स्टूल सोडलं, असं गावात कोणी म्हणू नये म्हणून. मी गप्प राहिलो. वर्षभर."

मारेत आईकडे पाहत राहिली. "खरं?"

"मीठ कमीच होतं," ताई म्हणाली.

एकदा खरे बोलायला लागल्यावर अर्धवट थांबणे मला जमत नाही. "आणि आज सकाळी राख टाकून हिला बांधात पाडलं, तेही मीच."

"आज सकाळी?!"

"एर्विन!" ताई कपाळाला हात लावून म्हणाली. "तेवढं तरी राहू द्यायचंस!"

मारेतने एक बोट वर केले, मग दुसरे. "म्हणजे आई जेव्हा जेव्हा पडली, तेव्हा तेव्हा मामा जवळ होता?"

"दोन्ही वेळा," मी म्हणालो. "अपवाद नाही."

ती दार उघडून बाहेर गेली. ताई घडी घातलेला रुमाल हातात धरून तिच्यामागे गेली. थोड्या वेळाने मीही निघालो, काटे काढून, बदकासारखा, लहान पावलांनी.

मी सभागृहाजवळ पोचलो तेव्हा दोघी टेकडीच्या माथ्यावर होत्या. मारेत खुर्चीवर बसली होती, ताई मागे दांडा धरून उभी होती, आणि खाली सगळा गाव वाट सोडून दोन्ही बाजूंना उभा होता. मला मध्ये बोलावेसे वाटले नाही. मी फक्त हात खिशातून बाहेर काढले. नियम तिसरा.

"लांब जवस!" ताईचा आवाज आला.

त्या सुटल्या! माझ्या फाटकापाशी आल्या तेव्हा मी डोळे मिटले; उघडले तेव्हा त्या आमच्यासमोरून गेल्या होत्या. मारेत किंचाळत होती, भीतीने की आनंदाने ते कळत नव्हते. ताईची एक टाच वळणावर अलगद टेकली, सुटली, आणि खुर्ची तळ्यावर उतरून मासेमारीच्या भोकाला वळसा घालून पलीकडच्या काठावरच्या लव्हाळ्यापर्यंत गेली. इतका लांब जवस गेल्या वीस वर्षांत कोणाचा झाला नव्हता. गावाने टोप्या उडवल्या.

खुर्ची थांबली तरी मारेत बराच वेळ उठली नाही. मागे वळून तिने आईचा, मनगट मोडलेला, हात धरला होता. मग दोघी परत आल्या. ताईच्या डोक्याला लाल रुमाल पुन्हा बांधलेला होता.

मी पुढे झालो. या प्रसंगी दोन शब्द बोलणे माझे कर्तव्य होते.

मारेतने तळहात वर करून मला जिथल्या तिथे थांबवले.

"आई पडत नाही, आईला मामा पाडतो," ती सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "आई इथेच राहील. मामानं दहा पावलं लांब राहायचं."